रेणुका येमूलची जीवनतूट

प्रयोगशाळेच्या पडद्यावर सातव्या महिन्याचा आकडा उमटला आणि डॉ. हेमांगी दातारनं तो मोठ्यानं वाचला. अठ्ठावन्न. मागच्या महिन्यात एक्केचाळीस, त्याआधी बावीस, त्याही आधी, चौथ्या महिन्यात, फक्त नऊ. पित्तावरचं नवं औषध सुरू करण्यापूर्वी रेणुका येमूलची जीवनतूट एकसष्ट होती. खाली उतरलेला आकडा चढत चढत पुन्हा जवळजवळ तिथंच पोचला होता.

"संपलं म्हणायचं," शेजारी उभे असलेले डॉ. शिवानंद हत्तुरे म्हणाले. सोलापुरात तीस वर्षं त्वचारोगांवर उपचार करणारा हा माणूस सहसा हताश होत नसे. "सलग तीन महिने तूट वाढली की औषध बंद. नियम आपणच लिहिलाय."

"एकट्या रेणुकाचं असतं तर ठीक होतं, सर. चाळीस रुग्णांपैकी अकराजणांचं असंच झालंय."

"म्हणूनच देखरेख समितीला आज संध्याकाळी उत्तर हवंय. सगळा प्रयोगच गुंडाळायचा का, ते."

रेणुकाला सत्ताविसाव्या वर्षी अंगावर पित्त उठायला लागलं. कधीमधी उठतं, आमसूल चोळलं की बसतं, तसलं ते नव्हतं. रोज उठायचं, आणि कारण काही सापडायचं नाही. घड्याळाच्या पट्ट्याखाली, पर्सच्या बंदाखाली, जिथं म्हणून काही दाबलं जाईल तिथं तळहाताएवढ्या लाल गांधी यायच्या. कधी ओठ सुजायचे. रात्रभर खाजवून चादरीला रक्ताचे डाग पडायचे. जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळणारी ही मुलगी एका शाळेच्या कार्यालयात, पंख्याखालच्या टेबलाशी येऊन बसली आणि अकरा वर्षं तिथंच राहिली.

दोन वर्षांपूर्वी हत्तुरे तिनं भरलेली प्रश्नावली घेऊन हेमांगीकडे आले होते. हेमांगी गणितातली.

"हे बघ. मान सुजून लाल झालीय आणि ही लिहिते, 'त्रास फारसा नाही.' बरं, खोटं बोलत नाहीये. तिला खरंच तसं वाटतं."

"वाटणारच, सर. उन्हात जायचं नाही, घट्ट कपडे घालायचे नाहीत, लग्नकार्यात जायचं नाही. आयुष्यच कापून लहान केलंय तिनं. जे उरलंय त्यात त्रास कुठला? तिला विचारून उपयोग नाही. मोजायला हवं."

"कशाशी तुलना करून मोजणार?"

"तिच्याशीच. आजार झालाच नसता तर जी रेणुका असती, तिच्याशी."

यातून हेमांगीचं प्रतिजीवन यंत्र जन्माला आलं. दंडावर चिकटवलेली एक पातळ पट्टी झोप, नाडी, हालचाल, माणसांतला वावर आणि अंगाला होणारे स्पर्श टिपायची. रेणुकाचं वय, काम, जुन्या सवयी आणि तिच्यासारख्या हजारो निरोगी बायकांचे दिवस यांवरून यंत्र रोज एक 'निरोगी रेणुका' रचायचं. खरीचा दिवस आणि निरोगीचा दिवस शेजारी शेजारी ठेवायचे. दोन्हींमधलं अंतर म्हणजे जीवनतूट. आजारानं काहीच हिरावलं नाही, तर तूट शून्य.

यंत्र काही विचारत नसे. त्याचा मोठेपणा त्यातच होता.

दुपारी रेणुकाला बोलावून घेतलं. अडतीस वर्षांची, उंच, खांद्यानं रुंद. निर्णय ऐकून तिनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"बघा ना, डॉक्टर. पाच महिन्यांत एक गांध उठलेली नाही."

"कातडी चांगलीच आहे गं," हत्तुरे समजावणीच्या सुरात म्हणाले. "पण झोप कमी झालीय. नाडी कधी कधी एकशे सत्तरपर्यंत जाते. अंगावर कुठं कुठं मुका मार दिसतो. औषध डोक्यावर काही परिणाम करतंय का, अशी शंका येते."

"मी बरी आहे."

"आधीही तू हेच लिहिलं होतंस, रेणुका."

तिनं टेबलावरचे हात मागे घेतले. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मी काय बोलले तर तुम्ही खरं धराल?"

हेमांगीनं पडद्याकडे पाहिलं. हिच्या शब्दावर विसंबता येत नाही म्हणून यंत्र बांधलं. आता यंत्र होतं म्हणून हिचा शब्द कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

"पट्टी आजच काढायची ना?" रेणुका उठली. "पाचला आमच्या शाळेमागच्या मैदानावर या आणि तिथं काढा. आत्ता मला घाई आहे."

पाचला हेमांगी पोचली तेव्हा मैदानावर फक्कीच्या रेषा नुकत्याच आखून झाल्या होत्या. चौदा बायका होत्या, पस्तिशीपासून पन्नाशीपर्यंतच्या. एकीचे केस निम्मे पांढरे झालेले. रेणुकानं गुडघ्यांना घट्ट पट्टे आवळले होते, अंगात तोकड्या बाह्यांचा बनियन होता. तिनं लांबूनच हात केला आणि मध्यरेषा ओलांडून चढाईला गेली.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

एकीनं तिचा घोटा धरला. दुसरीनं कंबरेला मिठी मारली, आणखी दोघी वरून कोसळल्या. चौघींना फरफटत रेणुकानं हात लांबवला आणि तिची बोटं रेषेला लागली. एकच गलका झाला. ती उठली तेव्हा कोपर सोललेलं होतं, तोंडात माती होती, आणि ती हसत होती.

हेमांगीनं हातातला पडदा पाहिला. यंत्र दिवसाचा आकडा मिनिटामिनिटाला सुधारत असे. आजचा आकडा महिन्याच्या अठ्ठावन्नालाही मागे टाकून एकसष्टवर गेला होता. पुढच्या चढाईनंतर चौसष्ट.

ही बाई हसतेय आणि तूट वाढतेय? यंत्र बिघडलं की काय? तिनं घाईघाईनं निरोगी रेणुकाचा आजचा दिवस उघडला. वेळ पाच वाजून वीस मिनिटं. ठिकाण घर. नाडी अठ्ठ्याहत्तर. स्पर्श नाहीत.

हेमांगीनं तूट काढायचं सूत्र उघडलं.

दोन दिवसांमधलं अंतर काढताना तिनं प्रत्येक फरकाचा वर्ग केला होता. वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं. कमी असो की जास्त, अंतर तेवढंच दिसतं. सूत्र तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि त्यात कुणालाच चूक दिसली नव्हती. निरोगी माणसाहून जास्त जगणारा रुग्ण कुणाच्या डोळ्यांपुढेच नव्हता.

तिनं हत्तुऱ्यांना फोन लावला. "सर, अकराजणांच्या आकड्यांतले वर्ग काढून टाका. चिन्ह राहू द्या आणि पुन्हा बेरीज करा."

"अगं, झालं काय?"

"आधी करा तर खरं!"

पलीकडे कळफलक वाजत राहिला.

"ऋण," हत्तुरे म्हणाले. "रेणुकाचे शेवटचे तिन्ही महिने ऋण. तूट नाहीच, उलट शिल्लक. अकराच्या अकराजणांचं तेच. अगं, ते बार्शीचे सहासष्ट वर्षांचे गृहस्थ, त्यांचा स्पर्शाचा आकडा भलताच कसा, म्हणून मी डोकं फोडत होतो. परवा त्यांचा मुलगा सहज म्हणाला, ते विहिरीत पोहायला शिकतायत! आधीच विचारलं असतं तर... छे, सात महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही."

"मीही नाही, सर."

"समितीला लगेच कळवतो. औषध बंद करायचं नाही." आणि हा साठीचा डॉक्टर फोनवरच मोठ्यानं हसला.

मध्यंतरात रेणुका घाम पुसत आली आणि तिनं दंड पुढे केला. "काढा."

"काढायची नाही. चूक माझी होती, रेणुका. तू खरं सांगत होतीस." हेमांगीनं तिला सगळं समजावलं. रेणुकानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या यंत्रातली ती बरी बाई आत्ता घरी बसलीय?"

"हो. तिनं एकतिसाव्या वर्षीच कबड्डी सोडली."

"का बरं? काय झालं तिला?"

"काहीच नाही. हळूहळू सुटते. बहुतेकींची सुटते."

रेणुकानं गुडघ्याचा पट्टा पुन्हा आवळला. "अकरा वर्षं मी त्या बाईचा हेवा केला, मॅडम. रोज."

"मग आजारानं एका परीनं..."

"तसलं काही म्हणू नका," रेणुका ताडकन म्हणाली. "गेली ती वर्षं गेलीच. त्यांचं कौतुक नको. मला फक्त माझा खेळ हवाय."

"चुकले," हेमांगी म्हणाली. घामानं पट्टीची एक कड सुटली होती, ती तिनं अंगठ्यानं दाबून बसवली. तिकडून हाक आली तशी रेणुका धावत गेली.

थोड्या वेळानं पडद्यावर समितीचं उत्तर आलं. औषध सर्व चाळीसजणांना चालू ठेवावं. खाली एक शंका होती: तूट शून्याच्या खाली किती जाऊ द्यायची, याची मर्यादा कृपया ठरवून कळवावी.

मैदानात रेणुका पुन्हा मध्यरेषेपाशी वाकून उभी होती. हेमांगीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि उत्तर लिहिलं, "जाईल तितकी."