जिजाबाईचा गुंड

नाचणगावहून पुलगावला जाणाऱ्या रस्त्यावर हरिदासचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिन आणि पंक्चर पाहायला पाण्याचं घमेलं. कामावर जाणारी माणसं तिथं हवा भरत, चेन बसवून घेत आणि जाता जाता थट्टा करत, की म्हाताऱ्याला गिऱ्हाइकाच्या सायकलीपेक्षा आपल्याच सायकलीची काळजी जास्त. ते काही खोटं नव्हतं.

दर पौर्णिमेला तो दुपारीच दुकान बंद करी. घरी येऊन अंगणात पोतं अंथरी आणि सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करी. चेन घासलेटात भिजत घाली, चाकाच्या तारा एकेक करून पुसे, मग चाकाला फिरकी देऊन कान लावून बसे. चाक आवाज न करता थांबलं, की त्याला बरं वाटे. त्यानंतर हात धुऊन तो चिंच आणि राख घेई आणि पितळेचा गुंड पुढ्यात ओढी.

पाणी भरायचा तो गुंड म्हणजे घरातला दागिनाच. त्याच्या बायकोनं, जिजाबाईनं, कापूस वेचायच्या मजुरीतून तो वर्ध्याला घेतला होता. नाव काय कोरायचं, असं दुकानदारानं विचारलं तेव्हा दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. तो काय कोरील ते आपल्याला थोडंच वाचता येणार? उद्या भलत्याचंच नाव घालून दिलं तर? नको म्हणाली आणि कोराच गुंड घेऊन आली. पुढे नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव नदीत गेले, गुंड मात्र आपल्या जागी राहिला.

दीक्षेनंतर विहारात मोठ्या माणसांचा वर्ग निघाला आणि साठीच्या हरिदासनं पाटी हातात धरली. शिकवणारा प्रेमदास मास्तर त्याच्या मुलाच्या वयाचा. अक्षरं लागायला लागली तसा हरिदास वाचायला हपापला. बसची पाटी वाचे, दुकानांची नावं वाचे, चहाच्या पुडक्यावरचं बायकोला वाचून दाखवी. जिजाबाईला त्यानं कबूल केलं, की थंडी पडली म्हणजे तुला सायकलवर बसवून वर्ध्याला नेईन, गुंडावर तुझं नाव घालीन, आणि बरोबर घातलं की नाही ते मी स्वतः पाहीन.

ज्येष्ठाच्या पौर्णिमेला गुंडाच्या खांद्यावर त्याला एक डाग दिसला. घासला तर जायचं सोडून तो उठून आला. छिन्नीनं ठिपके मारून कोरतात तसं अक्षर होतं ते. स.

कोरलेलं अक्षर घासून घासून झिजतं, हे त्याला ठाऊक होतं. सायकलच्या घंटीवरचं नाव त्याच्याच हातानं पुसलं गेलं होतं. इथं सारं उलटं होतं. पुढच्या पौर्णिमेला स च्या आधी दा आला. श्रावणात रि.

त्यानं ते वाचून दाखवलं तशी जिजाबाईनं त्याची चांगलीच खरडपट्टी काढली.

"गुंड माह्या वेचणीचा, अन् नाव तुमचं? लपूनछपून कोरून राह्यले ना? वाचाले आलं तं चोरी बी आली."

त्यानं शपथ घेतली. घरात छिन्नी नाही, हातोडी दुकानात, कोरणार कशानं? ती हसली. असू द्या म्हणाली, खाली माझ्यापुरती जागा ठेवा म्हणजे झालं.

भाद्रपदात ह आला. हरिदासनं बोट फिरवत आपलं पुरं नाव वाचलं आणि त्याला कोण आनंद झाला. मग सहज त्यानं गुंडात हात घातला. बाहेरून कोरलं की आतून पितळ उचललं जातं, हाताला खरखर लागते. आत काहीच नव्हतं. सगळं गुळगुळीत.

आश्विनात नावाच्या आधी आणखी एक अक्षर आलं, पुढे टिंब घेऊन. कै.

हे त्याला लागेना. मोठ्या माणसाच्या नावाआधी श्री असतो, एवढं माहीत होतं. हे त्याहून मोठं असणार, असं धरून तो खूश झाला आणि गुंड कॅरिअरला बांधून दुकानात घेऊन गेला. प्रेमदास मास्तर हवा भरायला आला तेव्हा तिथं दुसरं कोणी नव्हतं. हरिदासनं गुंड दोघांच्या मध्ये ठेवला.

मास्तरनं वाचलं आणि पंप मारता मारता त्याचा हात थांबला.

"हे कोनं कोरलं, हरिदासजी?"

"कोनं नाई. आपोआप निंगालं. कै म्हंजे काय, मास्तर?"

मास्तरनं आधी टाळलं, मग सांगितलं. कैलासवासी. गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात.

हरिदासनं त्या अक्षरावरून एकदा बोट फिरवलं. मग त्याला हसू फुटलं, ते आवरेचना.

"मंग पत्ता चुकला त्याचा," तो म्हणाला. "आमी कैलास सोडून दोन वर्सं झाले. आमाले तिथं कोन घेते?"

मास्तरही हसला, पण जरा उशिरा. मग, शिकवायची सवय, त्यानं सांगितलं की आपली माणसं आता कैलासवासी लिहीत नाहीत, कालकथित लिहितात. गुंडासमोरच्या धुळीत त्यानं तो शब्द बोटानं काढूनही दाखवला. हरिदासनं नवा धडा म्हणून तो दोनदा वाचला.

त्याच दुपारी त्यानं रेगमाल कागद घेऊन कै घासून काढला. ती जागा आरशासारखी झाली. कार्तिकातही ती तशीच लख्ख राहिली.

थंडी पडल्यावर तो जिजाबाईला वर्ध्याला घेऊन गेला. कॅरिअरवर ती, तिच्या मांडीवर गुंड. प्रत्येक खड्ड्याला ती गुंडाच्या काळजीनं त्याला बोलत होती. देवळीला थांबून दोघांनी भजी खाल्ली. कोरणाऱ्यानं टिकटिक करत नाव घातलं, हरिदासनं अक्षर अन् अक्षर तपासलं आणि वाचून दाखवलं. जिजाबाई. येताना ती गुंडावर हात ठेवून बसली होती आणि खड्ड्यांना काही बोलली नाही.

पुढची पौर्णिमा आली. त्यानं सायकल पुसली, चाक फिरवलं, ते आवाज न करता थांबलं. मग गुंड घेतला.

त्या आरशासारख्या जागी, ह ला लागून, त आला होता.

त्यानं हात धुतले. अंगणातल्या मातीत काडीनं कालकथित लिहिलं आणि बघत राहिला. त्याचं नावही शेवटून पुढे असंच आलं होतं. आता थि, क, ल, का. सगळी अक्षरं त्याला येत होती.

तो शब्द दुकानात एकदाच निघाला होता. ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. गुंड तेवढा मध्ये होता.

जिजाबाईला तो काही बोलला नाही. माठातलं पाणी गार लागतं असं सांगून त्यानं गुंड वरच्या फळीवर, अक्षरं भिंतीकडे करून ठेवला. घासायचाच नाही, म्हणजे झालं. पौर्णिमेला तो फक्त सायकल पुसू लागला. फाल्गुन गेला, चैत्र गेला. काही झालं नाही. त्याला भूक चांगली लागत होती, झोप लागत होती. वर्गात तो आता सलग वाची.

वैशाखाच्या पौर्णिमेला विहारात कार्यक्रम होता. हरिदास दुपारी दुकान बंद करून घरी आला.

जिजाबाई अंगणात त्याच्या पोत्यावर बसली होती. पुढ्यात गुंड. हात मनगटापर्यंत काळे झालेले. विहारात आज आपल्या नावाच्या गुंडातून पाणी न्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. ऊन पडून गुंड असा झळकत होता, की डोळा ठरत नव्हता.

"तुमी तं आळस केला. मीनं काढलं सारं," ती म्हणाली. मग गुंड त्याच्याकडे वळवला. "माह्या नावाच्या वरतं बी लय अक्षरं निंगाले. काय लिवलं, वाचा ना."

त्यानं सायकल स्टँडवर लावली. जवळ आला. वाकला.

लकथित हरिदास.

ल च्या आधीची जागा अजून काळी होती.

तो खालची ओळ पाहत राहिला.

"जिजाबाई," त्यानं वाचलं.

ती समाधानानं हसली. मग तिचं बोट वरच्या ओळीवर गेलं, ल च्या आधी थांबलं.

"हे थोडंसं राह्यलं," ती म्हणाली आणि चिमूटभर चिंच घेतली.