सन्मतीचे सुती शर्ट

नवरा बॅटरीच्या कारखान्यात असला, की बायकोला त्याचा दिवस धुण्यात कळतो. बॅटरीत घालायचं ॲसिड म्हणजे गंधकाम्ल. त्याचा थेंब सुती कापडावर पडला, तर संध्याकाळी काही म्हणजे काही दिसत नाही. शर्ट पाण्यात घालून पिळला, की भोकं उघडी पडतात. निपाणीत राजमतीनं बारा वर्षं हेच केलं. आधी शर्ट सोड्याच्या पाण्यात बुडवायचा. फसफसलं, की आज उडालंय म्हणायचं.

चैत्रात तिनं हट्टानं सन्मतीला भाचीच्या साखरपुड्याला बोरगावला नेलं. त्या दिवशी ॲसिड पातळ करायची पाळी सन्मतीची होती, ती त्याच्या सोबतच्या कामगारानं, नागोजीनं केली. पाण्यात ॲसिड सोडायचं, तेही सावकाश. नागोजीनं घाईत ॲसिडमध्येच पाणी ओतलं. ते उकळून अंगावर आलं आणि आठव्या दिवशी बिचारा गेला. सन्मतीनं काम सोडलं, मावसभावाच्या कापडदुकानात बसू लागला. राजमतीला, खोटं कशाला बोला, हायसं वाटलं.

पंधरा दिवसांनी त्याच्या नव्या शर्टाला खाली शिलाईपाशी भोक पडलं.

"कारखान्यात गेलतासा व्हय?"

"न्हाय गं. आईची आन!"

उंदरानं कुरतडलं असेल म्हणून तिनं सोडून दिलं. पुढच्या धुण्यात भोकं पोटावर होती. त्याच्या पुढच्या धुण्यात खिशावर. मग तिनं घडीसुद्धा न मोडलेला शर्ट काढून सोड्याच्या पाण्यात टाकला. पाणी फसफसलं. पिळून झटकला, तर भोक कॉलरला.

कॉलरच्या वर काय असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिची पाचावर धारण बसली.

पाणी लागलं तरच भोक दिसतं ना? मग पाणीच नको. तिनं धुणं बंद केलं. मळके कपडे कपाटात कोंबले.

"काय झालंय गं तुला?" सन्मतीनं विचारलं.

"पाठ लई दुखतीया," ती म्हणाली.

रविवारी सकाळी ती जैन बस्तीतून दर्शन घेऊन आली, तर सन्मती मोरीत साबणाचे हात धूत होता. कपाट उघडं होतं, रिकामं.

"तुझी पाठ दुखतीया न्हवं? म्हटलं, आज मीच धुतो."

अंगणात दोरीवर त्याचा तोंड पुसायचा पंचा ठिबकत होता. मधोमध दोन भोकं. शेजारी शेजारी, तीन बोटांच्या अंतरावर.

"अहो, तोंडाला पाणी लावू नगा!" ती किंचाळली.

तोंडावर ओंजळ मारून झाली होती.

अंगणात डोळे दिपवणारं ऊन पडलं होतं. सन्मतीनं मान वर करून अंगणाकडं बघितलं. तोंडावरून पाणी निथळत होतं.

"राजमती, आभाळ लई अंधारून आलंय बघ," तो म्हणाला. "धुणं आत घे, भिजंल."