कापसाची कॉलर

दिवा जरा मोठा करा, मग सांगतो. सन सदतीसची गोष्ट. माझ्याकडे काम होतं राजाला खिळ्यावर टांगण्याचं. विलायतेत नव्या राजाचा राज्याभिषेक होता, आणि आमच्या तालुका कचेरीत दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या तसबिरीचं अनावरण. तसबिरीला काही झालं तर माझी नोकरी कायम होणार नाही, असं तहसीलदारसाहेबांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं.

चित्र शेलूबाजारच्या युनूस पेंटरचं. त्यानं आधीच्या राजाला अभिषेकाच्या पोशाखात रंगवून ठेवलं होतं, तोवर त्या राजानं गादीच सोडली. साहेब म्हणाले, पोशाख राहू दे, मुंडकं बदल. झग्याच्या पांढऱ्या केसाळ कॉलरीवर काळे ठिपके असतात. युनूसला ते ठिपके म्हणजे कापसातली सरकी वाटली, म्हणून त्यानं सरकीसकट खरा कापूस चिकटवला. आम्हालाही ते रास्तच वाटलं. राजा झाला तरी कापूस वऱ्हाडातूनच नेणार.

अनावरणाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला कचेरीत मी आणि चपराशी देवला, दोघंच. अळशीच्या तेलाचा वास कोंदला होता. चित्र टेबलावर भिंतीला टेकवून लाल कापडानं झाकलेलं. वाऱ्याचा पत्ता नव्हता, तरी ते कापड खांद्यापाशी हलकेच वर येई, खाली जाई. मग आवाज... कुणी करकर दात खावेत तसा.

देवला कुजबुजला, "बाबू, पह्यला राजा हाय... आपला झगा मांगून राह्यला."

"तो मेला नाही रे. राजीनामा दिलाय फक्त. सरकारी पोशाख जमा करावाच लागतो."

"हे त्याले कोनं सांगतलं..."

मी कंदील उचलून कापड ओढलं. कॉलरीतून एक जाडा उंदीर सरकी तोंडात धरून देवलाच्या पायावरून पळाला. आम्ही भिंतीला टेकून हसलो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

सकाळी निरोप मिळताच युनूस कापूस घेऊन आला आणि कुरतडलेल्या जागेपाशी थबकला.

"बाबू, ये हात मैंने नहीं निकाला..."

राजाच्या एका हातात राजदंड, दुसऱ्यात सोन्याचा गोळा. दोन्ही जागच्या जागी. खांद्यावरच्या कापसाखाली मात्र रंगातली चार बोटं झग्याची कड धरून होती.

युनूसनं घाईनं वर कापूस चिकटवला. अनावरण झालं, टाळ्या झाल्या, मी कायम झालो. पोशाख अंगाला छान बसलाय, असं साहेब म्हणाले.

पुढच्या वर्षी उंदरांनी पुन्हा कॉलर खाल्ली. नवा कापूस मीच लावायला चढलो. झगा खांद्यावरून चांगला वीतभर खाली आला होता.