फटफटीला गिरणीचा डबा

हेमावतीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या हातात फटफटीची तुटकी नळी होती. उपरण्यात गुंडाळलेली, तरी तापलेली... आणि तो पठ्ठ्या ती या हातातून त्या हातात घेत गिरणीच्या दारात नाचत होता.

ही निजामाच्या अमदानीतली गोष्ट. भालकीजवळचं मेहकर गाव, आणि मेहकरात कल्लप्पाची पिठाची गिरणी. आसपासच्या खेड्यांत मिळून तेवढंच एक इंजन. इंजनाच्या धुराच्या नळीवर कल्लप्पानं पत्र्याचा डबा उपडा बसवला होता. त्या काळी गिरणीवाले बसवायचेच. उघड्या नळीचा आवाज म्हणजे नुसती फाडफाड, कान किटायचे. डबा बसला की तोच आवाज गोल होऊन ‘पुक्... पुक्...’ असा शिवारभर जायचा. तो ऐकला की बाया म्हणायच्या, “कल्लप्पाअण्णाची गिरणी लागली गं!” आणि दळणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन निघायच्या. आपल्या गिरणीचा आवाज त्यांना आपल्या लेकराच्या रडण्यासारखा ओळखू यायचा. काय दिवस होते ते! आता बटण दाबलं की पीठ. पण ते लांबून बोलावणं गेलं ते गेलंच.

हेमावती ही कल्लप्पाची एकुलती लेक. बायांच्या पाट्या ओळीनं लावायचं काम तिचं, त्यामुळं भुवयांवर कायम पीठ.

“पाणी मिळंल का?” दारातल्या पाहुण्यानं विचारलं.

“प्यायला, का नळीवर ओतायला?”

“आधी माझ्या हातावर ओता. मग नळीचं बघू.”

तिनं तांब्या वाकडा केला. तो हातांकडं सोडून तिच्याच तोंडाकडं बघत राहिला.

“एवढ्या लवकर भुवया कामून पिकल्या हो तुमच्या?”

“आन् तुमी काय चुलीत तोंड घालून आलाव?”

धुरानं काळंठिक्कर झालेलं तोंड त्यानं उपरण्यानं पुसलं, तशी ती काजळी कानापर्यंत पसरली. हेमावतीला हसू आवरेना.

त्याचं नाव ईरण्णा. भालकीच्या एका अडत्याचा पुतण्या; चुलत्यासाठी तुरी-करडईचा माल बघत गावोगाव हिंडायचा. चुलत्यानं हैदराबादेहून कुणा साहेबाची जुनी फटफटी आणली होती. ती एकदा बंद पडली की चालू करायला अर्ध्या गावानं ढकलावी लागायची, म्हणून ईरण्णा ती बंद म्हणून करायचाच नाही. आत्ताही ती दारात उभी राहून नुसती खाकरत होती.

“शरणु, अप्पा,” तो हात जोडून कल्लप्पाला म्हणाला. “मेहकरच्या दगडांनी नळी खाल्ली.”

कल्लप्पा फटकळ, पण मनाचा मोकळा. इंजनाची जुनी नळी अडगळीत पडली होती, ती त्यानं तापवून वाकवली, तारेनं फटफटीला आवळली. “घे. आता फटफटी मोडंल, नळी मोडायची न्हाई!”

नळी बसली खरी, पण आवाज? देवा रे! ईरण्णा गावातून निघाला तशी बैलांनी दावी तोडली, एक गाडी सरळ उकिरड्यात गेली. कल्लप्पा ओरडला, “पुन्हा ही भवानी गावात आणलीस तर तीच नळी तुझ्या गळ्यात बांधीन!”

ईरण्णा आला. यायचाच तो! गावात नाही, गावाबाहेरच्या ओढ्यावर. हेमावती धुणं घेऊन यायची. धुणं कसलं, धुतलेलीच लुगडी परत भिजवायची! एकदा त्यानं उदगीरहून बांगड्या आणल्या, त्या मनगटावर चढेनात.

“माप चुकलं वाटतं. मनगट बघू?”

“डोळ्यांनी बघा.”

“डोळ्यांनी बघूनच आणल्या होत्या की!”

ती लाजली, आणि लाजल्याचा रागही आला. पण घरी जाताना त्या लहान बांगड्या तिनं पदराला बांधून नेल्या.

अडचण एकच. गिरणी चालू असली की तिला बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. तो ओढ्यावर वाट बघून निघून जायचा आणि ही इकडं दाराकडं बघत बसायची. शेवटी सोमवार ठरला. कल्लप्पा सोमवारी बैल जुंपत नव्हता, इंजनही लावत नव्हता. म्हणायचा, “बसवण्णाचा वार हाय. बैलाला सुट्टी, तर इंजनाला कामून न्हाई?”

त्याच सुमारास कल्लप्पानं इंजनाला नवा डबा केला. जुना हेमावतीनं गुपचूप ओढ्यावर नेऊन ईरण्णाच्या हातात दिला.

“नळीच्या तोंडाला बांधा. बैल बुजायचे न्हाईत, आन् घरात बसून मला कळंल.”

“काय कळंल?”

“...कुणी आलंय म्हणून.”

“कुणी?”

ती पाण्याकडं बघत राहिली.

आणि त्याच आठवड्यात हुमनाबादचं स्थळ आलं. मोठं दुकान, मोठं घर, येत्या गुरुवारी सुपारी फोडायची. हेमावतीनं त्या लहान बांगड्या काढून बघितल्या. तिला ईरण्णा हवा होता. सरळ सांगायचं तर एवढंच. पण त्याच्या तोंडून अजून एक शब्द निघाला नव्हता, आणि त्यानं मागणी घातल्याशिवाय ती अप्पांसमोर कुठल्या तोंडानं उभी राहणार?

सोमवारी करडईच्या पिवळ्या फुलांपलीकडून आवाज आला... पुक्... पुक्... पुक्... ती धावतच ओढ्यावर गेली.

“गुरुवारी सुपारी फुटायलीय माझी,” तिनं आल्या आल्या सांगितलं.

ईरण्णाचा चेहरा उतरला. फटफटी शेजारी उभी, पुक्-पुक् करत. “हेमा, माझं म्हणणं... म्हणजे असं बघ... चुलत्याला सांगावं म्हणतो, पण तुझे अप्पा...”

“दुनियेभर बडबड करताव, आन् एवढं एक वाक्य निघंना?”

“तुझ्या अप्पांना बघितलं की जीभच वळंना माझी.”

“मग हुमनाबादच्याची वळंल!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायलाही ती थांबली नाही.

तेवढ्यात चढावर एक पाटी दिसली. मग दुसरी... मग पाट्यांची रांगच. पुढं नेहमी दळायला येणारी सोजराबाई, घामाघूम.

“अगं हेमा! गिरणीला कुलूप, आन् गिरणी वाजायलीय कुठं?”

हेमावतीची नजर डब्यावर गेली. गिरणीचीच जुनी नळी, गिरणीचाच जुना डबा... मग आवाज दुसऱ्या कुणाचा येणार? सोमवार असून गिरणी लागली म्हणून शिवारभरच्या बाया जोंधळे घेऊन निघाल्या होत्या, आणि कुलूप बघून आवाजाच्या मागं मागं ओढ्यावर आल्या होत्या! पाठोपाठ कल्लप्पा. कपाळाला विभूती, अंगावर पूजेचं ओलं धोतर.

“सोमवारी माझ्या इंजनाला कुणी हात लावला? आन् माझी गिरणी ओढ्यावर कामून चालायलीय?”

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कल्लप्पानं डबा ओळखला, ओढायला गेला आणि बोटं भाजून घेतली. मग लेकीकडं पाहिलं. तिचे ओले डोळे, पलीकडं पांढराफटक ईरण्णा. सांगायला काही उरलंच नाही.

“हितं काय चाललंय?”

ईरण्णाचे ओठ हलले. फटफटीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

“मोठ्यानं बोल!”

त्यानं खाली वाकून फटफटी बंद केली. सगळा ओढा एकदम शांत झाला.

“अप्पा, मला हेमावती पाहिजे,” ईरण्णा म्हणाला. “भ्यालो म्हणून इतके दिवस बोललो न्हाई. चूक झाली. आता बोलायलोय.”

“अप्पा,” हेमावतीनं त्याच्या शेजारी उभं राहून म्हटलं, “मला बी ह्योच पाहिजे.”

मधेच सोजराबाई बोलली, “त्ये तुमचं काय व्हायचं ते होऊ द्या. पर आमचं दळण? एवढी पायपीट केली, घरी लेकरं भुकेली हायत.”

“सोमवारी इंजन लागायचं न्हाई!” कल्लप्पा गरजला. मग ईरण्णाकडं वळला. “ह्यानं बोलावलंय ना तुमाला? मग ह्योच दळून देईल. जात्यावर!”

काय सांगावं! घराच्या सोप्यात बायांची ही गर्दी, आणि मधे धोतर खोचून जात्याला बसलेला भालकीच्या अडत्याचा पुतण्या. त्यानं खुंटा धरला आणि जोर लावून उलटाच फिरवला. बाया हसून हसून भिंतीला टेकल्या. तो कानापर्यंत लाल झाला, पण उठला नाही. परत धरला. तळहाताला फोड आला तरी खुंटा सोडला नाही.

हेमावतीला राहवलं नाही. कुणाकडं न बघता ती पुढं आली, त्याच्या समोर पाय लांब करून बसली, आणि त्याच खुंट्यावर, त्याच्या हातावर तिनं हात ठेवला.

“असं... माझ्याकडं ओढा,” ती हळूच म्हणाली.

जातं घरघरलं. भोवतालच्या पाळीवर जोंधळ्याचं पीठ पडू लागलं. हसणं कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. ईरण्णा तिच्या पांढऱ्या होत चाललेल्या भुवयांकडं बघत होता, आणि या वेळी तिनंही नजर खाली घातली नाही.

कल्लप्पा दाराला टेकून बघत होता. मग त्यानं भाजलेल्या बोटांवर फुंकर घातली आणि आत बायकोला हाक मारली.

“अक्कम्मा, हुमनाबादला निरोप धाड. म्हणावं, आमची पोरगी दळायला बसलीय. आता उठायची न्हाई.”