पाणी सोडणे

लाँच बुडाल्याचं कळलं तेव्हा मी दातांच्या दवाखान्यात बेसिनखाली उताणा पडलो होतो. वाकड्या पाइपात कापूस अडकला होता. तो काढून नट परत बसवत होतो, तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, आई कोणत्या लाँचने जाणार होती?"

मी म्हणालो, सकाळच्या. ती म्हणाली, सकाळची बुडाली. फोन कानाशी धरून मी दुसऱ्या हाताने नट घट्ट केला, नळ सोडून पाहिला. गळत नव्हता. मग उठलो.

बायको नदीपलीकडे तिच्या बहिणीकडे निघाली होती. आमच्याकडे नदी इतकी रुंद आहे की धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही, आणि थोडं खाली गेलं की ती समुद्रालाच मिळते. त्या सकाळी धुकं होतं. लाँच एका मालवाहू बोटीवर आदळली. बरेच लोक वाचले. जे वाचले नाहीत त्यांतले बरेच सापडले. ती सापडली नाही. आधी काठावर गर्दी असायची, मग कमी झाली, मग मी एकटाच उभा असायचो. पोलिसांच्या बोटीवरचा माणूस मला ओळखायला लागला होता. तो लांबूनच मान हलवून 'नाही' म्हणायचा.

आम्ही यहुदी. आमच्यात माणूस गेलं की होईल तितक्या लवकर पुरतात, आणि कबर बुजली की घरचे सात दिवस जमिनीलगत बसतात. अंगावरचा कपडा छातीपाशी फाडतात. आरसे झाकतात. घरात भरून ठेवलेलं सगळं पाणी ओतून देतात. लोक जेवण घेऊन येतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, आपण रडतो. पण त्याची सुरुवात कबरीपासून होते.

आमच्या प्रार्थनालयात प्रार्थना चालवणाऱ्या गृहस्थांचं चष्म्याचं दुकान आहे. सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणतात. ते घरी आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले की देह सापडला नाही तर त्याचीही सोय शास्त्रात आहे. घरच्यांनी शोध सोडला, आता सापडणार नाही असं मानलं, की त्या घटकेपासून सात दिवस धरायचे.

"कोणी मानायचं?" मी विचारलं.

"तुम्ही, मिस्त्री. मुलगी तुमच्याबरोबर बसेल."

मुलगी दाराशी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला दिवस गेले होते, पोट चांगलंच दिसायला लागलं होतं. ती म्हणाली, "बाबा, आता आईवर पाणी सोडा."

बोलायची रीत आहे, मला कळतं. पण तिने नुसतं बोलून न थांबता पाण्याचं पिंप ओतायला घेतलं, तेव्हा मी तिचा हात धरला. जोरात धरला असणार, कारण ती माझ्याकडे बघत राहिली. पाणी ओतलं की ती गेली असं आपणच म्हटल्यासारखं. मी म्हणालो, बोटीवरचा माणूस अजून फिरतोय, मी कशाला सोडू?

तिला रडायचं होतं, आणि मी हो म्हणेपर्यंत तिला रडता येत नव्हतं. जाताना ती म्हणाली, "आई म्हणायची तेच खरं. लोकांचे नळ सुकवता आणि घरचा रडत ठेवता."

बायकोला सकाळी अंथरुणातच पाणी लागायचं. तिच्या बाजूला स्टुलावर झाकलेला पेला असायचा. तो मी भरतच होतो. एका सकाळी तो रिकामा दिसला. मीच झोपेत प्यायलो असेन, असं धरून चाललो. दुसऱ्या सकाळीही तसंच. मग स्वयंपाकघरातलं पिंप. संध्याकाळी काठोकाठ भरलेलं, सकाळी कोरडं.

पाणी नाहीसं होत नाही, जागा बदलतं. इतकी वर्षं याच एका गोष्टीवर मी पोट भरलं आहे. कुठेतरी पाणी मुरतंय असं लोक संशयाने म्हणतात, माझा तो धंदाच आहे. मी पिंपाखाली वर्तमानपत्रं पसरली, पाण्यात गळती शोधायचा लाल रंग टाकला, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. सकाळी पट्टी तशीच, कागद कोरडे. आत हात फिरवला तर ओलसरही नाही. वाफ होऊन गेलं असतं तर तळाशी रंग राहिला असता. रंगाचा डागही नव्हता.

मुलीचंच काम, माझ्याकडून वदवून घ्यायला करतेय, असं डोक्यात बसलं. फोन केला आणि नको ते बोललो. जावयाने तिच्या हातातून फोन घेतला. शांत माणूस आहे. म्हणाला, "बाबा, तिला स्वतःच्या चपला घालता येत नाहीत. शहराच्या त्या टोकाला येऊन तुमचं पिंप कधी रिकामं करणार ती?"

मी चष्मेवाल्यांना बोलावून पिंप दाखवलं. त्यांनी ते वाकून पाहिलं, हात मात्र लावला नाही. पाणी ओतायची दोन कारणं जुनी माणसं सांगायची, असं ते म्हणाले. मृत्यूचा दूत आपली सुरी घरातल्या पाण्यात धुतो, म्हणून ते पिऊ नये, हे एक. वाईट बातमी तोंडाने सांगू नये, दारात पाणी ओतलं की शेजाऱ्यांना समजतं, हे दुसरं.

"मग माझ्याकडे कोण ओततंय?"

ते सांगायला लागले, दुकानात गिऱ्हाइकाला नंबर समजावतात तशा आवाजात. आत्मा तीन दिवस देहाजवळ घुटमळतो, परत आत शिरता येईल या आशेने. चेहरा बदलला की ओळख तुटते आणि तो दूर होतो. मग सात दिवस घर आणि कबर, कबर आणि घर अशा फेऱ्या घालतो. "तिला कबरच नाही," ते म्हणाले. "मग ती कुठे जाणार? घराकडेच. आणि घरात कोणी म्हणत नाही ती गेली म्हणून. जिची बातमी कोणी देत नाही, ती स्वतःच देत असेल, मिस्त्री."

"ओतलेलं पाणी जमिनीवर सापडतं," मी म्हणालो. "हे कोणी ओतलेलं नाही. प्यायलेलं आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मेलेली माणसं पाणी पीत नाहीत."

"तेच म्हणतोय मी."

त्यानंतर मी भरपूर पाणी भरायला लागलो. पिंप, बादल्या, पातेली, औषधाच्या बाटल्यासुद्धा. सगळं संध्याकाळी भरायचं आणि सकाळी रिकामं बघायचं. काठावर जाणं बंद केलं. कशाला जायचं? कामावरून घरी यायला मला पुन्हा बरं वाटायला लागलं होतं.

एका निवृत्त शिक्षिकेकडे दुपारी मोरीचं काम होतं. मी जाळी काढत होतो. बाई दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, जरा बाहेर येता का?"

बैठकीच्या खोलीत काचेची माशांची पेटी होती. पंप घरघरत होता. पेटीत पाणी नव्हतं. तळाचे खडे वाळवणासारखे कोरडे होते आणि त्यांवर तीन मासे आडवे पडून तोंडं उघडमीट करत होते. मी पेटीखाली हात घातला, गालिचा दाबून पाहिला. कोरडा.

"तुम्ही पाणी बंद केलंत म्हणून झालं का हो?" बाईंनी विचारलं. त्यांनाही ठाऊक होतं की तसं होत नाही. आम्ही दोघांनी मासे पातेल्यात घेतले. मी मजुरी घेतली नाही, त्यांनीही आग्रह केला नाही.

रस्त्यावर आल्यावर मला घाबरायला हवं होतं. पण मनात आलं ते एवढंच की ती आता माझ्याबरोबर बाहेरही येते.

त्याच आठवड्यात जावयाचा फोन आला, मुलीच्या तपासणीला या म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. करड्या रंगात काहीतरी हलत होतं. त्या म्हणाल्या, बाळ ठीक आहे, पण भोवतीचं पाणी मागच्या वेळेपेक्षा बरंच कमी झालं आहे. मी विचारलं, पिशवी फुटली आहे का? त्या म्हणाल्या, नाही, शाबूत आहे. गळती कुठेच नाही. होतं असं कधीकधी, लक्ष ठेवू. पाणी फारच उतरलं तर मात्र बाळाला धोका आहे.

गळती कुठेच नाही, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं. मुलगी पडद्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

बाहेर बाकावर ती माझ्या शेजारी बसली. जावई औषधं आणायला गेला होता. तिने माझा हात हातात घेतला, लहानपणी रस्ता ओलांडताना घ्यायची तसा.

"आईला तहान लागलीय, असं चष्मेवाल्यांना म्हणालात ना तुम्ही? मग तिला सांगा, हे नको."

मी त्याच संध्याकाळी चष्मेवाल्यांकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या घरी जमले. चष्मेवाल्यांनी माझ्या सदऱ्याला छातीपाशी ब्लेडने चीर दिली आणि मी तो पुढे फाडला. त्यांनी शिकवलं तसं मी म्हटलं, "माझ्या बायकोचा देह आता सापडणार नाही. मी शोध सोडला." अडखळलो नाही. मुलीने आरशावर चादर टाकली. मग तिने पिंप, बादल्या, पातेली, स्टुलावरचा पेला, सगळं एकेक करून दारात नेऊन ओतलं. जावई मदतीला गेला तर त्याला हाताने थांबवलं. पाणी पायरीवरून रस्त्यावर गेलं. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि हळूच बंद झाली.

आम्ही सात दिवस बसलो. मुलगी रडली, इतकी रडली की जावई मध्ये मध्ये तिला थांबवून पाणी पाजायचा. मी कामाला जाऊ नये म्हणून बायको माझा पाना तांदळाच्या डब्यात लपवायची, हे तिच्या बहिणीने सांगितलं. मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आम्ही सगळे हसलो. नवीन भरलेलं पिंप रोज सकाळी भरलेलंच असायचं. जावई झाकण उघडून बघायचा आणि माझ्याकडे बघून मान डोलवायचा.

सातव्या दिवशी उठलो, रीतीप्रमाणे घराला फेरी मारली, आरशावरची चादर काढली. चष्मेवाले निघताना दारात थांबले. "तोंडाने म्हटलंत ते आम्ही ऐकलं," ते म्हणाले. "शास्त्र मनाचं विचारतं." मी म्हणालो, मनानेच म्हटलं.

पिंप भरलेलं राहिलं. पेला भरलेला राहिला. डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावरचं पाणी आणखी उतरलं.

आता मुलीला दवाखान्यातच ठेवलं आहे. सलाइन लावतात, सारखं पाणी पाजतात. ती तांबे रिकामे करते आणि पडून राहते. तिने मला सरळ विचारलं.

"बाबा, खरंच सोडलंत ना?"

"सोडलं."

"माझी शपथ?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणालो.

काल दुपारी नर्स बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र पोटावर लावून बसली होती. ठोके घोड्याच्या टापांसारखे येत होते. मुलीचा डोळा लागला होता. ठोक्यांच्या मागे मला दुसरा एक आवाज ऐकू आला. मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, बाळं आतलं पाणी गिळतात, काका, त्यात काही विशेष नाही. तिला दुसरीकडे बोलावणं आलं. यंत्र मुलीच्या पोटावर तसंच राहिलं.

मी खुर्ची पुढे ओढली.

पाइपाला कान लावून पाणी कसं जातंय हे ओळखायची मला सवय आहे. हे बाळाचे घोट नव्हते. मोठे होते. सावकाश, एकामागून एक, फार लांबून चालत आलेल्या माणसाचे. मध्ये जरा थांबणं. श्वास. मग पुन्हा.

मी बायकोला नको म्हणायला हवं होतं. मुलीने तेवढंच मागितलं होतं. तोंड उघडलंही.

पण तो श्वास माझ्या ओळखीचा होता. ती इथे आहे, इतक्या जवळ आहे, असं वाटून मला आनंद झाला. मुलीच्या पोटाशी वाकून मी कितीतरी वेळ ऐकत राहिलो.

आज पुन्हा तपासणी आहे. मला अजून तिला सोडता आलेलं नाही.