सहा फुलं, एक सुरी आणि उलटा झाडू

सहा पांढरी फुलं. खोलीच्या दाराशी, पायपुसण्यावर. चिठ्ठी नाही.

कौनास शहरात एक आई रोज दिवेलागणीला मुलीच्या खोलीतला दिवा लावते. मुलगी जाऊन दोन हिवाळे झाले.

दारामागे झाडू. दांडा खाली, तोंड वर.

"वहिनी, ही पोरगी रडत नाहीये. म्हणजे भानगड मोठी आहे."

उशीच्या स्वच्छ अभ्र्यावर सुरी. मुठीला लाल फीत.

*

वहिनी म्हणजे फिलोमेना साराइवा. नवरा वारल्यावर त्याचं खासगी तपासाचं ऑफिस आणि त्याचा धाकटा भाऊ अबीलियो, दोन्ही त्यांच्या गळ्यात पडले होते. ऑफिस त्यांनी नावारूपाला आणलं. अबीलियो मात्र होता तसाच राहिला. तो गाडी चालवायचा, दार उघडायचा आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्याच दिवशी भलत्याच माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळा व्हायचा.

समोर बसलेली पोरगी रुगिले. लिथुआनियाहून एक्स्चेंजवर वर्षभरासाठी पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या विद्यापीठात आलेली. चढावरून येताना तिने किल्ल्या बोटांच्या बेचक्यात धरल्या होत्या; अजून सोडल्या नव्हत्या.

"मला कुणीतरी मारणार आहे," ती म्हणाली.

"सहा फुलांनी?" अबीलियो हसला.

"आमच्याकडे सम संख्येत फुलं फक्त कबरीवर ठेवतात. जिवंत माणसाला द्यायची तर विषम. शेंबड्या पोरालाही कळतं ते. मग दारामागे उलटा झाडू, आणि उशीवर सुरी."

अबीलियोचं हसू मावळलं. फिलोमेनाबाईंनी संत्रं सोलायचं थांबवलं. "कुणी का मारावं तुला?"

रुगिलेने सांगितलं. गिन्ते तिची मैत्रीण, दोघी एका खोलीत राहायच्या. दोन हिवाळ्यांपूर्वी कौनासमध्ये बर्फ पडत असताना एका गाडीने गिन्तेला उडवलं; ती जागीच गेली. रुगिले खिडकीत होती. गाडी जरा पुढे थांबली, दोघं उतरले, मागे न बघता वाकून गाडीचं पुढचं टोक पाहिलं आणि पुन्हा बसून पळाले. एक नंतर पकडला गेला. चालवणारा सापडला नाही, आणि पकडलेला त्याचं नाव घेत नाही. येत्या मार्चमध्ये कोर्टात रुगिलेची साक्ष होती.

"चालवणाऱ्याचा चेहरा पाहिलास?"

"नाही. पाठमोरा होता."

"हे त्याला ठाऊक आहे?"

"त्याला कुठून ठाऊक असणार? त्याच्या लेखी मी सगळं पाहिलंय." स्वतःचंच बोलणं ऐकून तिने किल्ल्या आणखी घट्ट धरल्या. "उद्या सकाळी मी घरी निघालेय. रूलोफ मला पोर्तोच्या विमानतळावर सोडणार आहे. पण माझ्या मागावर कोण आहे, ते जाण्याआधी कळायला हवं. नाहीतर तो तिथेही येईल."

"रूलोफ कोण?"

"डच आहे. तिकडच्या विद्यापीठात नोकरीला आहे. एक्स्चेंजवर इथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात आलाय." रुगिलेने पहिल्यांदा श्वास सोडला. "सगळ्या गावात तो एकटाच आहे, ज्याची मला भीती वाटत नाही."

*

घर चढाच्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. मालकीण दोना इदालीना स्वयंपाकघरात कोबी चिरत होती.

"झाडू तुम्ही ठेवलात?" फिलोमेनाबाईंनी विचारलं.

"हो, मीच."

"का?"

"माझं घर, माझा झाडू. कशासाठी ठेवतात ते तुम्हाला ठाऊक आहे, मला कशाला बोलायला लावता?"

फिलोमेनाबाई किंचित हसल्या. रुगिलेला त्या हसण्याचीही भीती वाटली.

शेजारच्या खोलीतला वेइक्को फिनलंडचा. तो बोलला की घरात बातमी व्हायची.

"सुरी तुझी?" अबीलियोने दरडावलं.

"होती."

"होती म्हणजे?"

"आता नाही."

"वहिनी, हाच तो!" अबीलियो कुजबुजला. "पुरावा सुरी, आणि तोंडाला कुलूप."

"गप बसा, अबीलियो."

तेवढ्यात टेल्मो आला. इथलाच, खालच्या मजल्यावर राहणारा. त्याने दाराबाहेरूनच अबीलियोपुढे हात केला. अबीलियोनेही आतून हात पुढे केला, तोच रुगिले ओरडली, "उंबऱ्यावरून नको! आधी आत ये."

"हात मिळवला तर काय होतं?"

"भांडण लागतं."

"तुमच्याकडे कशाने काय लागत नाही, ते एकदा सांगून टाक," टेल्मो म्हणाला, पण आत आला.

"फुलं तू ठेवलीस?" फिलोमेनाबाईंनी विचारलं.

टेल्मोचे कान लाल झाले. "मी? छे. कसली फुलं?" त्याने रुगिलेकडे पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागला.

"वहिनी," अबीलियो पुन्हा कुजबुजला, "माझा विचार बदलला. हा."

रुगिले भिंतीला टेकून उभी होती. इतके महिने एका टेबलावर जेवलेली ही माणसं. प्रत्येकजण काहीतरी लपवत होता. हाताला काम हवं म्हणून तिने कपाटातून बशा काढल्या. एकेक करून त्या टेबलावर मांडल्या.

मग जिन्यावर ओळखीची पावलं वाजली आणि तिचा जीव भांड्यात पडला. रूलोफ. हातात पिवळ्या ट्युलिपचा गुच्छ.

"पाच तुला," तो म्हणाला. "जुडीतलं सहावं खाली वाण्याच्या म्हातारीला देऊन आलो. खूश झाली."

अबीलियोने सवयीने दारातच हात पुढे केला. रूलोफने तो पाहिला, हसला, आत पाऊल टाकलं आणि मग घट्ट दाबला. सगळे टेबलाशी बसले. जागा नव्हती म्हणून रुगिलेने कोपऱ्यावर खुर्ची ओढली.

"तिथे कोपऱ्यावर नको, बाई," रूलोफने स्वतःची खुर्ची तिला दिली. "लग्न व्हायचं नाही तुझं."

सगळे हसले. रुगिलेला आजी आठवली. घरच्यासारखं वाटलं.

"लिथुआनियाला गेलायत कधी?" फिलोमेनाबाईंनी सहज विचारलं.

"कधीच नाही. खूप थंडी असते म्हणतात. रुगिले बोलावेल तेव्हा जाऊ."

"तिचं तिकीट काढलंत?"

"माझ्याजवळ आहे. विमानतळावर देतो. आधीच घाबरलीये बिचारी, आणखी एक गोष्ट कशाला सांभाळायला लावायची?"

"अगदी बरोबर," फिलोमेनाबाई म्हणाल्या. "सकाळी निघा. पण आधी इथेच सगळ्यांबरोबर कॉफी घेऊ."

रूलोफ निघाला. नेहमीसारखा रुगिलेकडे तोंड ठेवून, हात हलवत, मागे मागे चालत दाराबाहेर गेला. त्याच्या या सवयीची तिला गंमत वाटायची.

तो गेल्यावर फिलोमेनाबाईंनी तिचं मनगट धरलं. "रात्री दोना इदालीनाच्या खोलीत झोप. आतून कडी लाव. कुणीही हाक मारली तरी उघडू नकोस."

"कुणीही म्हणजे?"

"कुणीही म्हणजे कुणीही, पोरी."

*

सकाळी स्वयंपाकघरात सगळे होते. रुगिलेची बॅग दाराशी. रूलोफची गाडी खाली. त्याने दोनदा घड्याळ पाहिलं.

"दोन मिनिटं," फिलोमेनाबाई म्हणाल्या. "पोरगी भीती घेऊन जायला नको. वेइक्को, सुरी का ठेवलीस ते सांगतोस का?"

वेइक्कोने पुढ्यातली बशी बाजूला सारली. "आमच्याकडे सुरी विश्वासाच्या माणसाला देतात. तिचा वाढदिवस होता. बोलायला जमत नाही मला."

"टेल्मो?"

"फूलवाली सहाचीच जुडी देते हो!" टेल्मो एकदम फुटला. "मला काय माहीत कबरीवर ठेवतात? आणि नंतर ती अशी पांढरीफटक पडली की कबूल करायची सोय राहिली नाही."

रुगिलेला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस ती या गाढवाला भीत होती!

"राहिला झाडू," फिलोमेनाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे दारामागे झाडू उलटा ठेवतात, तो चिकट पाहुण्याने लवकर उठावं म्हणून. दोना इदालीना, पाहुणा कोण?"

"हा!" इदालीनाने भाजीच्या सुरीचं टोक रूलोफकडे केलं. "रोज येतो, जाता जात नाही. मला तो पहिल्या दिवसापासून पटला नाही."

रूलोफ मोठ्याने हसला. "चला, म्हणजे कुणीच मारेकरी नाही. निघू या?"

"एक आहे," फिलोमेनाबाई म्हणाल्या.

कॉफीच्या भांड्याखालचा गॅस अबीलियोने बंद केला. आवाज नाहीसा झाला.

"काल मला एक गोष्ट खटकली. रुगिलेला ज्यांनी ज्यांनी घाबरवलं, त्यांनी चूक केली होती. परक्या देशातली माणसं एका छपराखाली आली की अशा चुका व्हायच्याच. हिच्या देशातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. मग हिला कशाची भीती वाटते हे त्यांना कुठून कळणार? ज्याला धमकीच द्यायची असते, त्याला ती भाषा यावी लागते. तेव्हा मी उलटीकडून शोधायला लागले. या घरात चूक कोण करत नाही?"

रुगिले मागे सरकली. तिने खुर्चीची पाठ धरली. कोपऱ्यावरची नव्हे, काल रूलोफने दिलेली.

"सहातलं एक फूल कमी करून तुम्ही पाच आणलीत. उंबऱ्यावरून हात दिला नाहीत, आत येऊन दिलात. आणि कोपऱ्यावर बसणाऱ्या मुलीचं लग्न होत नाही, हे इथे कोण म्हणतं? टेल्मो, तू ऐकलंयस?"

"कधीच नाही."

"योगायोग," रूलोफ म्हणाला. "रुगिलेनेच सांगितलं असेल."

"मी नाही सांगितलं," रुगिले म्हणाली. "कोपऱ्याचं मी कुणालाच सांगितलं नाही."

"बरं, ठाऊक असेल मला. रीती ठाऊक असणं गुन्हा आहे?"

"मुळीच नाही. वर्षानुवर्षं तिथे राहिलात की त्या अंगात मुरतात. झोपेतही चुकत नाहीत. गुन्हा तो नाही. पण तिथे कधी गेलोच नाही, हे खोटं कशाला? काल संध्याकाळी मी तुमचा फोटो कौनासच्या तपास अधिकाऱ्यांना पाठवला. तिथल्या एका कॉलेजात तुम्ही तीन वर्षं शिकवत होतात. गिन्ते गेली त्याच आठवड्यात तुम्ही देश सोडलात. पकडलेला माणूस तुमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मग परदेशी मुलांची नावं ज्या टेबलावरून जातात, तिथे तुम्ही एक्स्चेंज मागून घेतलंत."

"आणि तिकीट?" अबीलियोने विचारलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्याने योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला होता.

"या मुलीच्या नावाने आज पोर्तोहून कुठलंच तिकीट नाही. कौनासच्या अधिकाऱ्यांनीच चौकशी केली. गाडी विमानतळावर जाणारच नव्हती."

कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वळणावर, हे रुगिलेला दिसायला लागलं आणि तिने डोळे मिटू नयेत म्हणून ओठ चावला.

रूलोफ हसला, पण डोळे हसले नाहीत. तो झटकन उठला आणि दाराकडे वळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे पाठ केली.

उजवा खांदा जरा खाली. मान पुढे काढलेली, बर्फाकडे वाकलेल्या माणसासारखी.

"तोच," रुगिले म्हणाली. मग ओरडून, "तोच! गाडी हाच चालवत होता!"

दार उघडलं तर जिन्यात दोन पोलीस उभे होते. अबीलियोने मागून रूलोफच्या कोटाची कॉलर धरली आणि, कशाला कोण जाणे, "माफ करा," असं म्हणाला.

खाली पोलिसांच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. टेल्मोने रुगिलेसाठी पाणी ओतलं, निम्मं टेबलावर. वेइक्को उठला, तिची बॅग दाराशी होती ती उचलून परत तिच्या खोलीत ठेवून आला.

"मार्चमध्ये साक्षीला जाशील?" फिलोमेनाबाईंनी विचारलं.

"जाईन," ती म्हणाली. "त्याच्या पाठीसमोर उभी राहून सांगेन."

मागच्या सप्टेंबरात रुगिले पहिल्यांदा कोइंब्राला आली होती, तेव्हा रूलोफ आधीच चढाच्या पायथ्याशी तिची वाट पाहत उभा होता. तिची जड बॅग त्यानेच, तिला पुढे घालून मागून चढत, चौथ्या मजल्यापर्यंत वाहून आणली होती.