पलीकडचं पेन

दिवाळीच्या सुट्टीत धम्मप्रिया तिसऱ्यांदा रिफिली आणायला गेली, तेव्हा दुकानदार माणिकप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"शाळा बंद हाय, आन तू रिफिली खाऊन राहिलीस का काय?"

ती नुसती हसली. कादंबरी लिहितेय, हे तिच्यानं सांगवेना. रिफिली मुठीत धरून, मान खाली घालून ती भोकरच्या बाजारातून घरी आली.

नांदेडच्या एका ग्रंथालयातल्या मॅडमनी मुलांसाठी आव्हान ठेवलं होतं. सुट्टी संपायच्या आत कादंबरी लिहून काढायची. चांगलं-वाईट बघायचं नाही, खोडायचं नाही, फक्त शेवटापर्यंत पोचायचं. ग्रुपवर सुरुवातीला नुसती झुंबड होती. मग कुणाकडं पाहुणे आले, कुणाचा नेट पॅक संपला, कुणी काहीच न सांगता गप्प झालं. उरल्या दोघी. भोकरची धम्मप्रिया आणि लातूरची सुकन्या. एकमेकींना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

युक्ती सुकन्याचीच. संध्याकाळी फोन लावायचा, स्पीकरवर टाकून वहीशेजारी ठेवायचा आणि आपापलं लिहायचं. बोलायचं नाही. "एकटीनं लिहायला बसलं की मला झोप येते गं," ती म्हणाली होती. "दुसरीचं पेन ऐकू आलं की लाज वाटते."

गप्प बसणं खुद्द तिलाच जमत नव्हतं. मध्येच चिवडा खायची, मध्येच स्वतःच्या नायकाला शिव्या द्यायची. दिवाळी झाली आणि ती एकदम शांत झाली. फोन उचलला जायचा. मग पंख्याची टिक... टिक... आणि कागदावर घासत जाणारं पेन. धम्मप्रियाला वाटलं, हिला आता हिची कादंबरी सापडली. तिला तेच बरं वाटलं. बोलावं लागत नव्हतं, तरी कुणीतरी होतं.

घरात तसं कुणी नसायचंच. पप्पांची नोकरी कंधारला, ते रविवारी येत. मम्मी दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी संध्याकाळची. क्वार्टरच्या रांगेतले शेजारी गावी गेलेले. दिवेलागणीला त्या अख्ख्या रांगेत एकच खिडकी उजळायची.

"लिहून राहिलीस का अजून?" भाकरी झाकून ठेवताना मम्मी म्हणायची. "रुमालावरचा मोर अर्धा, पेटीचा क्लास अर्धा. आता हे बी तसंच ठेव."

बिनशेपटीचा तो मोर कपाटात होता, आणि कपाट उघडलं की तो दिसायचा. ही कादंबरीही अर्धी राहिली तर खोट आपल्यातच आहे, असं धम्मप्रियानं मनाशी धरलं होतं.

शेवटचं प्रकरण उरलं होतं. त्या दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"धम्मा, मी सुकन्या. मामाच्या फोनवरून बोलून राहिले. मॅडमकडून नंबर घेतला तुझा. रागावू नको हं... मी कादंबरी सोडली."

"कधी?"

"लई दिवस झाले. भाऊबीजेला हिमायतनगरला आलो ना मामाकडं. मी अशी शहाणी, चार्जर आणला आन फोन लातूरला टेबलावर विसरले. तू रोज लावत असशील, म्हणून म्हटलं सांगावं."

"घरात... कुणीच न्हाई?"

"कुलूप हाय घराला. फोन तर कधीच मेला असंल."

संध्याकाळी मम्मी गेली. धम्मप्रिया वहीसमोर बसली. एक ओळ लिहिली, थांबली. घर इतकं गप्प होतं की माठातून झिरपणारं पाणी ऐकू येत होतं. दुसरी ओळ येईना. फोनकडे बघायचं नाही असं ठरवून ती फोनकडेच बघत होती. अंधार पडायला लागला, तेव्हा तिनं नंबर लावला.

लगेच उचलला गेला.

टिक... टिक... आणि ते पेन.

"कोण आहे?"

पेन थांबलं.

पंखा तेवढा चालू राहिला. आणि फोनच्या अगदी जवळ, कुणी श्वास रोखून धरावा तशी शांतता. धम्मप्रियाला वाटलं, फोन कट करावा, दार उघडून रस्त्याच्या उजेडात पळावं... पण तिला खरी भीती वाटली ती निराळीच. हे पेन पुन्हा चाललंच नाही तर?

"न्हाई विचारत," ती कुजबुजली. "तुम्ही लिहा... मी पण लिहिते."

पलीकडं पेन हळूच टेकलं.

तिनं मान वर केली नाही. ती अडली की पलीकडचं पेनही रेंगाळायचं, तिची वाट बघितल्यासारखं. ती पुढं निघाली की तेही निघायचं. तिनं 'समाप्त' लिहिलं, तेव्हा बोटं आखडून गेली होती.

"माझी झाली," ती म्हणाली.

पलीकडचं पेन थांबलं नाही. ते घाईनं, जोर देऊन, कोरडं ओरखडत राहिलं. तिनं फोन ठेवला.

ड्युटीवरून आलेल्या मम्मीनं वही उघडली. पानं उलटत ती शेवटच्या शब्दापाशी आली आणि तिथं तिचा अंगठा थांबला. "पुरी केलीस गं," एवढंच म्हणाली. भाकरी गरम करायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी सुकन्यानं आपल्या आईच्या मोबाईलवरून फोन केला. आवाज दबलेला होता.

"धम्मा, आत्ताच लातूरला पोचलो. फोन टेबलावरच होता, मेलेला. पण घरातली सगळी पेनं रिकामी झालीत गं. मी घेतलेलं नवं पाकीट. पप्पांचं लाल पेन बी. आन लिहिलेला कागद एक न्हाई. माझी वही मी सोडली तिथंच हाय."

धम्मप्रियाला ते घाईचं ओरखडणं आठवलं. "एकही चालत न्हाई?"

"एक चालतं. इतकुशी शाई हाय त्यात. टाकून देऊ का सगळी?"

"नको. ते टेबलावरच राहू दे. शेजारी कोरे कागद ठेव."

"कशाला?"

"त्यांची कादंबरी अजून व्हायची हाय."

सुकन्याच्या मागं पंखा ऐकू येत होता. टिक... टिक... मग ती अगदी हळू म्हणाली,

"धम्मा... लाईट न्हाई इथं. मी मेणबत्ती लावून बोलून राहिले."